नागपुरात राहून ज्यू व्हायचंय? मंग आधी हे वाचून घ्या

सगळ्यात पहिले एक गोष्ट डोक्यातून काढा, की कुठंतरी फॉर्म भरायचा, एका दिवशी जायचं, शपथ घ्यायची आणि संध्याकाळी ज्यू होऊन घरी यायचं. आपण नागपूरचे लोक, धर्मांतर म्हटलं की डोळ्यासमोर दीक्षाभूमीच येते, १४ ऑक्टोबर १९५६, बाबासाहेब, लाखोंचा जनसमुदाय, २२ प्रतिज्ञा. त्यामुळं आपल्याला वाटते की ठरवलं की झालं, अन् समोरचे लोक आनंदानं आत घेतील. ज्यू लोकांमध्ये तसं होत नाही. ते कोणाला बोलवत नाहीत, प्रचार करत नाहीत, अन् तुम्ही स्वतःहून गेले तरी रब्बी, म्हणजे त्यांचा धर्मगुरू, पहिल्यांदा बहुतेक नाहीच म्हणेल. तो उर्मट आहे म्हणून नाही, रीतच तशी आहे. बायबलमध्ये रूथ या बिगर-ज्यू सुनेची गोष्ट आहे ना, ज्यू सासू नाओमी तिला परत जा, परत जा, असं तीनदा सांगते, तिथून ही पद्धत धरतात, की येणाऱ्याला आधी परत पाठवून पाहा, खरंच पाहिजे असंल तर तो पुन्हा येईल.

अन् त्याच गोष्टीत रूथ काय उत्तर देते ते नीट पाहा, ती आधी म्हणते तुझे लोक ते माझे लोक, अन् देवाचं नंतर म्हणते. ही सगळी प्रोसेस समजायला मला तरी हेच सगळ्यात कामाचं वाटते. तुमचा विश्वास किती खोल आहे हे रब्बी विचारेल, पण त्याहून जास्त वेळा विचारेल की तुम्ही राहता कुठं, शुक्रवारी संध्याकाळी काय करता, तुमच्या किचनमध्ये काय शिजते अन् शनिवारी तुम्हाला पायी चालत जाता येईल इतक्या अंतरावर सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळ, आहे का. नागपूरवाल्याची गाडी अडते ती या शेवटच्या प्रश्नावर.

पण त्याच्या आधी, करायचं काहून हे एकदा स्वतःला विचारून घ्या. ज्यू धर्मच असं म्हणतो की देवाच्या नजरेत चांगला माणूस व्हायला ज्यू व्हायची गरज नाही. बाकीच्या माणसांसाठी नोहाचे सात नियम आहेत, मूर्तिपूजा नको, देवाची निंदा नको, खून नको, चोरी नको, व्यभिचार नको, जिवंत जनावराचं मांस तोडून खाणं नको, अन् न्यायाची व्यवस्था पाहिजे. बस. ज्यू माणसाला ६१३ आज्ञा आहेत, मंग सातवरून ६१३ वर कोण कशाला जाते असं रब्बी तोंडावर विचारू शकतो, उत्तर तयार ठेवा.

लग्नासाठी करून राहिले असाल तर ऑर्थोडॉक्स, म्हणजे जुन्या रीतीच्या कडक पंथाच्या, रब्बीला ते कारण चालत नाही. भारतात ज्यू मुलीशी किंवा मुलाशी लग्न करायला धर्म बदलायची कायद्यानं गरजच नाही, १९५४ चा स्पेशल मॅरेज ॲक्ट आहे, ३० दिवसांची नोटीस द्या अन् रजिस्टर करा. ज्यू पद्धतीनं, खुप्पाखाली, म्हणजे लग्नाच्या छताखाली, केतुबा, म्हणजे लग्नाचा करार, लिहून लग्न पाहिजे तर मात्र दोघंही ज्यू लागतात, तिथं पळवाट नाही. इस्राएलला जॉबसाठी जायचं म्हणून करून राहिले असाल तर वर्क व्हिसा पाहा, तो यापेक्षा लाख पटीनं सोपा आहे. अन् कोणी दोन वर्षं यूट्यूबवर व्हिडिओ पाहून, इतिहास वाचून भारावून गेला असंल तर वाईट काही नाही, पण भारावणं अन् पेसाह सणाच्या आठ दिवसांत पोळीचा तुकडाही न खाणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

आता पत्त्याचा मुद्दा. नागपुरात सिनेगॉग नाही. सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुषांचा कोरम लागतो, मिन्यान म्हणतात त्याला, तो नसला तर तोराचं, म्हणजे धर्मग्रंथाचं, जाहीर वाचन होत नाही, कद्दिश ही प्रार्थना म्हणता येत नाही. म्हणजे तुम्ही घरी बसून कितीही मन लावून केलं तरी अर्धा धर्म होतच नाही. आपल्या राज्यात मराठी बोलणारे ज्यू म्हणजे बेने इस्राएल, मूळ कोकणातले, तेलाच्या घाण्यावर काम करायचे अन् शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. पेणकर, दिवेकर, किहीमकर अशी गावावरून आडनावं. त्यांची सिनेगॉग मुंबईत आहेत, सगळ्यात जुनं शार हारहामीम १७९६ चं, ठाण्याला शार हाशामायीम १८७९ चं, अलिबागला मागेन आबोत आहे, पुण्यात रास्ता पेठेत सुक्कथ शेलोमो आहे, अन् कॅम्पातलं ओहेल डेव्हिड म्हणजे लाल देऊळ, १८६७ चं. अहमदाबादलाही एक आहे. नागपूरहून यातलं कोणतंही म्हटलं तरी रात्रभराची ट्रेन, नाही तं समृद्धीनं दिवसभराची ड्रायव्हिंग.

म्हणून खरा सल्ला हा, की शिकायचं नागपुरात, पण करायचं असंल तर कधी ना कधी शिफ्ट व्हावं लागणार, हे आजच मान्य करून चाला. ऑर्थोडॉक्स बेत दिन, म्हणजे तीन दायानांचं धार्मिक कोर्ट, एकट्या माणसाला दूरच्या गावात ज्यू करून सोडून देत नाही, त्यांना दिसलं पाहिजे की तुम्ही समाजात राहून सणांचं किमान एक पूर्ण वर्ष काढलं. प्रत्यक्षात वर्ष-दीड वर्ष ते तीन वर्षं धरून चाला. अन् भारतात असं कायमचं ऑर्थोडॉक्स बेत दिन बसलेलं नाही, बहुतेक सिनेगॉग हज्जान अन् कमिटी मिळून चालवतात, हज्जान प्रार्थना चालवतो, तो तुम्हाला कन्व्हर्ट करू शकत नाही. म्हणून शेवट बाहेर देशात होतो. इस्राएलमध्ये जाऊन करू म्हणाल तर टुरिस्ट व्हिसावर होत नाही, बाहेरच्या माणसाला आधी अपवाद समितीची परवानगी लागते. २००५ मध्ये इस्राएलहून रब्बी मिझोराम-मणिपूरच्या, स्वतःला ज्यू वंशाचे मानणाऱ्या ब्नेई मनाशे लोकांना कन्व्हर्ट करायला आले होते, भारत सरकारनं नाराजी दाखवली, तेव्हापासून त्या लोकांचंही गियुर, म्हणजे ज्यू धर्मात येणं, इस्राएलला गेल्यावरच होते. तुम्ही आम्ही कोण लागून गेलो.

पंथाचा प्रश्नही इथंच सोडवून टाका. ऑर्थोडॉक्स, कन्झर्व्हेटिव्ह अन् रिफॉर्म असे मोठे तीन. रिफॉर्मची वाट तुलनेनं मोकळी, मुंबईत रोडेफ शालोम म्हणून १९२५ पासूनची प्रोग्रेसिव्ह मंडळी आहे. पण रिफॉर्म गियुर ऑर्थोडॉक्स लोक मानत नाहीत, अन् इस्राएलमध्ये ज्यू लग्न चीफ रॅबिनेटच्या, म्हणजे तिथल्या सरकारमान्य रब्बी मंडळाच्या, हातात आहे, त्यामुळं नागरिकत्व मिळालं तरी लग्न अडू शकते. मान्यतेचं हे प्रकरण किती चिवट असते पाहा, जन्मानं ज्यू असलेल्या बेने इस्राएल लोकांवरही १९६२ मध्ये इस्राएलच्या रॅबिनेटनं शंका घेतली होती, लग्नाआधी पूर्वजांची चौकशी करा म्हणे, लोकांनी आंदोलन केलं, अन् १९६४ मध्ये जाऊन ते प्रकरण मिटलं. म्हणून सुरुवातीलाच विचारा, तुमचं बेत दिन कोणाकोणाला मान्य आहे. नंतर विचारून फायदा नाही.

पहिला ईमेल लिहाल तो छोटा लिहा. मी कोण, वय, लग्न झालं का, घरचे कोणत्या धर्माचे, किती दिवसांपासून वाचतो आहे, शिफ्ट व्हायची तयारी आहे का. स्वप्नात हिब्रू अक्षरं दिसली, आमचं आडनाव हिब्रूसारखं वाटते, हे असलं काही लिहू नका, त्यांच्याकडं असे मेल ढिगानं येतात. उत्तर आलं नाही तर महिनाभरानं पुन्हा लिहा. सिनेगॉग पाहायला जायचं असंल तर आधी फोन करून जा अन् आयडी सोबत ठेवा, २६/११ ला मुंबईतल्या ज्यू केंद्रावर, नरिमन हाऊसवर, जे झालं त्याच्यानंतर सिक्युरिटी कडक आहे, गेटवरच्या माणसानं दहा प्रश्न विचारले तर राग मानायचा नाही.

उत्तराची वाट पाहता पाहता नागपुरात काय करता येते? भरपूर.

किचनपासून सुरू करा. डुक्कर नाही, झिंगे-खेकडे नाही, मांस अन् दूध एकत्र नाही, हे सगळ्यांना माहीत राहते. माहीत नसते ते असं, की बकरा खायला चालतो पण तो शोखेतनं, म्हणजे शिकलेल्या ज्यू माणसानंच कापलेला पाहिजे, अन् रक्त काढायला मीठ लावून ठेवलेला पाहिजे. हलाल म्हणजे कोशर, म्हणजे ज्यू नियमानं खायला चालणारं, नाही. नागपुरात शोखेत नाही, म्हणजे सावजी मटण विसरा, भोजनालयात बसून फक्त रस्सा घेतो म्हटलं तरी नाही. माझ्या मते इथं सोपा मार्ग एकच, सरळ शाकाहारी व्हा. मांसच घरात नाही तर दोन सेट भांड्यांची झंझट पण नाही, नवा एक सेट घ्या अन् तो दुधाचा समजा. मासा चालतो, पंख अन् खवले दोन्ही असलेला, रोहू कतला चालते, वाम अन् मांगूर नाही, पण अख्खा मासा घ्या म्हणजे खवले डोळ्यांनी दिसतील, कापायला सुरी घरची. पालेभाजी, फुलकोबी, तांदूळ नीट निवडा कारण किडा खाणं डुकराइतकंच मना आहे. मांस-दूध एकत्र नको यावर बेने इस्राएल बायकांनी जी शक्कल काढली ती आपल्याला जवळची आहे, मटणाच्या जेवणात दुधाच्या जागी नारळाचं दूध, त्यांचा गव्हाच्या चिकाचा हलवाही नारळाच्या दुधातच होतो. अन् किद्दुशला, म्हणजे शब्बात-सणाच्या वाइनवरच्या प्रार्थनेला, वाइन नसली तर काळ्या मनुका भिजवून त्याचं सरबत करतात, मनुका आपल्या इतवारीत पाहिजे तेवढ्या मिळतात.

मंग शब्बात, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस. शुक्रवारी सूर्य मावळायच्या १८ मिनिटं आधी मेणबत्त्या लावायच्या, तिथून शनिवारी तारे दिसेपर्यंत, साधारण २५ तास. नागपुरात डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या आसपास मावळतो, म्हणजे सव्वापाचच्या आत घरी, अन् मिहानमध्ये ऑफिस असंल तर साडेचारला निघावं लागेल, मॅनेजरला दर हिवाळ्यात काय सांगणार ते ठरवा. बँकेत असाल तर पहिला अन् तिसरा शनिवार वर्किंग आहे, तिथं तर मोठाच प्रश्न. शब्बातला ३९ प्रकारची कामं बंद, गॅस पेटवणं, लिहिणं, गाडी, मेट्रो, मोबाईल, लाइटचं बटण, सगळं. गंमत म्हणजे धान्य निवडणं हे पण त्या ३९ मध्ये येते, म्हणून तांदूळ गुरुवारीच निवडून ठेवायचे. मे महिन्यात कूलर शुक्रवारीच चालू करून ठेवायचा, मधे बंद-चालू करायचा नाही, अन् त्यात लाइट गेली तर गेली, इन्व्हर्टर असंल तर देवाची कृपा. फ्रिजचा आतला दिवा आधीच काढून ठेवायचा. हे ऐकायला कॉमेडी वाटते, पण चार-पाच शब्बात मोबाईल बंद ठेवून पाहा, तुम्हाला हे जमते का याचा अंदाज कोणतंही पुस्तक वाचून येणार नाही तितका येईल. फक्त एक बारीक नियम लक्षात ठेवा, पूर्ण गियुर होईपर्यंत शब्बात शंभर टक्के पाळायचा नाही, मुद्दाम एखादं काम करायचं, दोन अक्षरं लिहायची किंवा एकदा लाइट लावायचा, कारण पूर्ण शब्बात ज्यू लोकांचाच आहे.

हिब्रू २२ अक्षरांची, उजवीकडून डावीकडं. उर्दू वाचता येत असंल तर दिशेची सवय आहेच. बोलता नाही आलं तरी चालते, पण सिद्दूर, म्हणजे प्रार्थनेचं पुस्तक, वाचता आलं पाहिजे. शेमा ही मुख्य प्रार्थना पाठ, जेवणाआधीच्या अन् नंतरच्या ब्राखा, म्हणजे आशीर्वचनं, पाठ. बेने इस्राएल सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेनकडच्या ज्यूंच्या, पद्धतीनं म्हणतात, मुंबई-पुण्यात जायचं असंल तर तेच शिका, यूट्यूबवर अमेरिकन अश्केनाझी, म्हणजे युरोपीय ज्यूंचे, उच्चार शिकून गेले तर पुन्हा सगळं बदलावं लागेल. सणांची मराठी नावं पण माहीत करून घ्या, रोश हशाना म्हणजे नव्याचा सण, पुरीम म्हणजे होळीचा सण, तिशा बआव म्हणजे बिरड्याचा सण. कोकणी मराठी ज्यू घरात गेले अन् ही नावं घेतली की लोक मोकळे होतात.

सगळ्यात अवघड भाग मात्र किचन नाही अन् शब्बातही नाही. अवघड आहे घरची पूजा. मूर्तिपूजेबाबत ज्यू धर्म एक इंच हलत नाही. म्हणजे गणपती बसले की आरतीत उभं राहणं नाही, टेकडीच्या गणपतीला जाताना आईला गाडीवर सोडून द्याल पण आत हात जोडणार नाही, अन् नैवेद्य दाखवलेला मोदक आजीनं हातावर ठेवला तर खाणार नाही. हे रब्बीला सांगणं सोपं आहे, आजीला सांगणं अवघड. तान्ह्या पोळ्याला पोरांचे बैल पाहायला, मारबतीच्या मिरवणुकीला गर्दीत उभं राहायला कितपत चालते असे प्रश्न येतील, ते स्वतः ठरवू नका, तुमच्या रब्बीला एकेक करून विचारा. घर बौद्ध असंल तर मूर्तीसमोर मेणबत्ती-अगरबत्तीचं पण असंच. एक मात्र आहे, धर्म बदलला म्हणून आईवडिलांशी नातं तुटत नाही, गियुर केलेला माणूस नव्यानं जन्मल्यासारखा मानतात हे खरं, तरी जन्मदात्यांचा मान ठेवायचाच असं रामबाम या जुन्या ज्यू धर्मपंडितानं स्पष्ट लिहून ठेवलं आहे. घरच्यांना सांगायचं असंल तर पहिल्या वर्षीच सांगा, शेवटच्या महिन्यात सांगितलं तर त्यांना ते धर्मांतर नाही, धोका वाटते.

कागदपत्रांचं लोक शेवटी पाहतात, तुम्ही आधी पाहा, अन् खरंच चांगल्या वकिलाला फी देऊन विचारा, कारण धर्मांतराचे कायदे राज्याराज्यात वेगळे आहेत अन् बदलत राहतात, बाजूच्या मध्य प्रदेशात तर कलेक्टरला ६० दिवस आधी कळवायचा नियम आहे. अनुसूचित जातीचं सर्टिफिकेट असंल तर हे दोनदा वाचा, १९५० च्या आदेशाप्रमाणे तो दर्जा हिंदू, शीख अन् १९९० पासून बौद्ध यांनाच आहे, ज्यू झाले की गेला. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. राज्यात ज्यू समाजाला २०१६ पासून अल्पसंख्याक दर्जा आहे, पण नोकरीतल्या आरक्षणाची जागा तो घेत नाही. प्रॉपर्टीत तुमचा स्वतःचा हक्क जात नाही, पण धर्मांतरानंतर जन्मलेल्या तुमच्या पोरांना हिंदू नातेवाइकांच्या वारशात हक्क राहत नाही, अन् वारशाच्या या कायद्यात हिंदू म्हणजे बौद्ध, जैन, शीख पण आले, म्हणून आजोबा राजी असतील तर मृत्युपत्र करून घ्या. लग्न झालेलं असंल अन् जोडीदार तयार नसंल तर तुमचं धर्मांतर हे त्याला घटस्फोटाचं कारण होऊ शकते. ऑर्थोडॉक्स बेत दिन तसंही नवरा-बायकोपैकी एकालाच घेत नाही.

आता शेवटचा टप्पा. पुरुषांना ब्रित मिला, म्हणजे सुंता. मोठ्या वयात ही छोटी का होईना सर्जरी आहे, मोहेल, म्हणजे सुंता करणारा शिकलेला ज्यू माणूस, करतो किंवा मोहेल असलेला डॉक्टर, नागपुरात कोणत्याही सर्जनकडून आधी उरकून घेऊ नका, ती धार्मिक दृष्टीनं मोजत नाहीत. लहानपणी काही कारणानं झालेलीच असंल तर नुसता रक्ताचा एक थेंब काढतात. जखम पूर्ण भरल्यावरच पुढं. मंग बेत दिनसमोर मुलाखत, नियम विचारतील, पण जुनी पद्धत अशी आहे की आधी हे विचारायचं, ज्यू लोकांचे आजकाल किती हाल होतात तुला माहीत आहे ना, तरी यायचं आहे? काही सोपे, काही कठीण नियम सांगायचे अन् परत विचारायचं. अमुक एक आज्ञा मी मानणार नाही असं ठरवून आले तर तिथंच संपलं, सगळ्या स्वीकारल्या पाहिजेत, पाळताना चुकणं वेगळं.

त्यानंतर मिकवे, पावसाच्या किंवा नैसर्गिक पाण्याच्या कुंडात पूर्ण बुडी. अंगावर काहीच नको, अंगठी, नेलपॉलिश, कॉन्टॅक्ट लेन्स, मनगटावरचा लाल-पिवळा धागा, कंबरेचा करगोटा, सगळं काढून, केसाचं टोकही पाण्याबाहेर नको. बाईसोबत आत बाईच असते, दायान बाहेर असतात. डोकं वर आलं, ब्राखा म्हटली, अन् झालं, हिब्रू नाव मिळते अन् त्यापुढं वडील अब्राहाम, आई सारा असं लिहितात. नवरा-बायको दोघांनी सोबत केलं असंल तर ९० दिवस वेगळं राहून पुन्हा लग्न लावावं लागते. बाईनं गियुर केलं असंल तर तिला कोहेन, म्हणजे पुरोहित, घराण्यातल्या पुरुषाशी लग्न करता येत नाही, हे प्रेमात पडायच्या आधी माहीत असलेलं बरं. अन् तुम्ही आधी कोण होते याची आठवण करून देऊन टोमणा मारायला ज्यू धर्मात सक्त मनाई आहे, कोणी मारला तर चूक त्याची.

मधल्या काळात कोणी पैसे घेऊन ऑनलाइन तीन महिन्यात सर्टिफिकेट देतो म्हणालं तर नंबर ब्लॉक करा. मेसिॲनिक म्हणवणाऱ्या मंडळींकडं टाळीत, म्हणजे प्रार्थनेची शाल, मेनोरा, म्हणजे ज्यू दीपस्तंभ, सगळं दिसेल, पण ते येशूला मानतात, त्यांच्याकडून झालेलं गियुर कोणताच ज्यू पंथ धरत नाही.

बेत दिनचं सर्टिफिकेट मिळालं की तिन्ही दायानांच्या सह्या अन् तुमच्या नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी तिथंच बसून जुळवून घ्या, शक्य असंल तर ओरिजनल दोन मागा. भारतात आल्यावर ॲफिडेविट करून राजपत्रात धर्म बदलाची नोटीस द्यायची, नाव बदललं असंल तर तीही वेगळी, मंग आधार, पॅन, पासपोर्ट याच क्रमानं. अन् सर्टिफिकेट लॅमिनेट करू नका, पुढं कुठं अटेस्टेशन लागलं तर शिक्का कागदावरच मारावा लागतो.